भीमेला कार्तिकात भेटा : पुण्यातल्या ट्रेक भरवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

पुण्यातले ट्रेकिंग क्लब, गिर्यारोहण संस्था आणि शनिवारी रात्री बस भरून सह्याद्रीकडे निघणारे सर्व आयोजक यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पावसाळी वेळापत्रकात ‘भोरगिरी ते भीमाशंकर’ हा, भोरगिरी गावातून भीमा नदीच्या उगमाकडे जाणारा, एका दिवसाचा ट्रेक ठरलेला असतो. जूनच्या शेवटी तो यादीत येतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत राहतो. माझी विनंती अशी की तो पावसाळ्यातून काढा आणि कार्तिक ते माघ या काळात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. तेव्हाही माणसं मोजकीच न्या.

ही विनंती वनखात्याला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना करता आली असती. पण त्यांच्या हातात मुख्यतः बंदीचा आदेश असतो. अभयारण्यातल्या धबधब्यांवर आणि घाटवाटांवर तो निघतोही. बंदीची मुदत संपली की सगळं पहिल्यासारखं सुरू होतं. माणसं कुठल्या महिन्यात कुठे जाणार, हे खरं तर तुम्ही ठरवता. शिवाजीनगरहून, स्वारगेटहून, निगडीहून निघालेली बस कुठे वळेल हे तुमच्या एका पोस्टरवर ठरतं. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. नकाशावर भीमा दाखवताना बोट उजनीवर जायचं, पंढरपूरवर जायचं, पुढे कर्नाटकात जायचं. उगम म्हणजे डाव्या कोपऱ्यातला एक ठिपका, तो सांगून आम्ही पुढे सरकत असू. त्या ठिपक्यापासून भोरगिरीपर्यंतची नदी मी बरीच वर्षं, सगळ्या ऋतूंत पायी पाहिली आहे. ती पाहिल्यावर हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

आधी नदी कुठे आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. भीमाशंकर सह्याद्रीच्या ऐन धारेवर आहे. देवळाच्या पश्चिमेला नागफणीच्या कड्यावर गेलं की पायाखाली कोकण. त्या बाजूला पडलेला पाऊस खांडस-कर्जतकडे उतरतो आणि अरबी समुद्र गाठतो. पूर्वेला पडलेला पाऊस भीमेत जातो. चासकमानच्या धरणातून, उजनीतून, पंढरपूरच्या वाळवंटाजवळून वाहत ती ८६१ किलोमीटरांनंतर कृष्णेला मिळते. वाटेत भामा, इंद्रायणी, घोड, नीरा तिला येऊन मिळतात. आपली मुळा-मुठाही रांजणगाव सांडसजवळ तिच्यातच जाते, म्हणजे पुणं जे काही नदीत सोडतं ते अखेर भीमेच्याच पदरात पडतं. दोन समुद्रांकडे जाणाऱ्या पाण्याची वाटणी देवळाच्या आसपासच्या थोड्याशा चालीत होते. तुमच्याबरोबर येणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगतं?

देऊळ ते भोरगिरी या टप्प्यात मात्र भीमा रानातली लहानशी नदी आहे. काही जागी ती एका ढांगेत ओलांडता येते. मध्ये गुप्त भीमाशंकरचं ठिकाण आहे. उगमापाशी दिसलेली नदी लुप्त होऊन इथे पुन्हा प्रकटते अशी श्रद्धा आहे. दख्खनच्या कातळात पाणी असं आत शिरून पुढे वर येणं अजिबात नवल नाही. धोंड्यांनी भरलेलं पात्र आणि भेगाळलेला खडक मिळाला की उन्हाळ्याकडे झुकणारा बारीक प्रवाह खालून चालू लागतो आणि घट्ट कातळ आडवा आला की वर येतो. ज्यांनी इथे देव मांडला त्यांनी नदीचं हे वागणं आपल्याआधी कैक पिढ्या पाहून ठेवलं होतं.

त्रिपुरासुराशी लढून दमलेल्या शंकराच्या घामातून भीमा निघाली, अशी कथा आहे. डिसेंबरात या वाटेने गेलात तर कथेचा अर्थ डोळ्यांनी दिसतो. डोंगराच्या कुशीला खरोखर घाम फुटल्यासारखं पाणी कातळातून बारीक बारीक पाझरत असतं. हे असं का होतं ते आयोजकांनी नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून हा डोंगर झाला. प्रत्येक थराचा खालचा आणि मधला भाग घट्ट कातळ असतो आणि त्यात भेगा असतात. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, झिजून मुरमाड झालेला असतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे भाजलेल्या तांबड्या मातीचा पट्टा असतो. घाटरस्त्याच्या कापात विटकरी रेघ दिसते, तीच ही. पावसाचं पाणी मुरमातून आणि भेगांतून खाली जातं. खाली घट्ट कातळ किंवा तो तांबडा पट्टा लागला की त्याला आणखी खाली जाता येत नाही, मग ते आडवं सरकतं. डोंगराचा उतार त्या थराला जिथे कापतो तिथे ते बाहेर येतं. तो झरा. म्हणूनच सह्याद्रीत बरेचदा एकाच उंचीवर, एका ओळीत झरे सापडतात आणि त्या ओळीच्या आसऱ्याने वाड्या वसलेल्या असतात.

भीमाशंकरला वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात जेमतेम ७०० मिलिमीटर. पण तो जवळपास सगळा चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने भीमा ज्या पाण्यावर चालते ते डोंगराने आत साठवलेलं पाणी आहे. ते साठावं म्हणून वर रान लागतं. झाडांची पानं पावसाचा मारा तोडतात, खाली कुजलेल्या पानांचा जाड थर पाणी धरून ठेवतो, मुळं मातीत वाटा करतात. उघड्या उतारावर पडलेला पाऊस पळून जातो आणि रानात पडलेला मुरतो. भीमाशंकरचं हे रान टिकलं त्यात देवाचा वाटा मोठा आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. लोकांनी देवाच्या नावाने राखलेल्या अशा रानांत जुनी झाडं आणि दुर्मीळ वनस्पती कशा तगून राहिल्या, हे त्यांनी अभ्यासकांपुढे ठेवलं. नदीचा उगम, देव आणि राखलेलं रान या तीन गोष्टी आपल्याकडे फार जुन्या काळापासून एकत्र आहेत. शिलाहार राजा झंझ याने बारा नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली अशी परंपरा आहे. त्यांत कुकडीचं कुकडेश्वर येतं, प्रवरेचं रतनवाडीचं अमृतेश्वर येतं आणि भीमेचं म्हणून भोरगिरीचं कोटेश्वर येतं. तुमचा ट्रेक त्या कोटेश्वराच्या गावातूनच सुरू होतो. तिथे नाश्ता करून लोक निघतात, देवळाकडे फारसं कोणी वळत नाही.

आता पावसाळ्याकडे येते. जुलैत तुम्ही लोकांना जी नदी दाखवता ती झऱ्यांची नदी नसते. तेव्हा डोंगर आतून भरलेला असतो, माती आणखी पाणी घेऊ शकत नाही आणि पडलेला पाऊस तसाच पात्रात येतो. साधा हिशेब मांडून पाहा. एक चौरस किलोमीटर उतारावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ते ५ कोटी लिटर पाणी झालं. हे सगळं त्याच तासात वाहून आलं तर सेकंदाला जवळजवळ १४,००० लिटर. भीमाशंकरच्या पावसाळ्यात असा तास काही अपूर्व नाही. पाणलोट लहान आणि उतार तीव्र असल्यामुळे वर पडलेला पाऊस खाली यायला फार वेळ लागत नाही. खाली तुमच्या डोक्यावर नुसती भुरभुर असते, वर पठारावर ढग मोकळा झालेला असतो आणि झाडीमुळे तो दिसत नाही. पाणी गढूळ होणं, काटक्या आणि पाला वाहत येणं, आवाज बदलणं, एवढ्याच खुणा मिळतात. पन्नास जणांची रांग पाण्यात फोटो काढत असेल तर त्या खुणा कोण बघणार? आणि वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाण्यात तरणाताठा माणूस उभा राहू शकत नाही, तो याच कारणाने.

या वाटेवर नाले ओलांडावे लागतात. सकाळी घोटाभर असलेला नाला दुपारी मांडीपर्यंत येतो आणि गट दोन काठांवर तुटतो. अशा वेळी दोर लावून माणसं पलीकडे घेण्याची शर्यत सुरू होते, कारण देवळापाशी बस उभी असते. खरं तर तेव्हा बसून राहणं हाच शहाणपणा आहे. एवढ्या लहान पाणलोटाचं पाणी जसं चढतं तसं पाऊस थांबल्यावर उतरतंही. पण बसून राहायला वेळापत्रकात जागा ठेवलेली नसते.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल गर्दीने भरलेला होता. या दोन्ही घटनांत तुमच्यापैकी कोणाचा दोष होता असं मी म्हणत नाही. दोन्ही ठिकाणी लोक आपापले गेले होते. पण पावसाळा म्हणजे पाण्यात उतरायचा हंगाम, ही समजूत सगळ्या शहराची झाली आहे आणि ती घडवण्यात आपल्या पोस्टरांचा हातभार आहे, हे मान्य करायला हवं. उतारांचंही तेच. ३० जुलै २०१४ च्या पहाटे याच डोंगररांगेतल्या, आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. भरलेला डोंगर काय करू शकतो हे या भागातल्या माणसांना सांगावं लागत नाही. आपल्याला मात्र सांगावं लागतं.

माणसांच्या जिवाची काळजी तुम्हालाही आहेच, हे मी जाणते. जी गोष्ट फारशी बोलली जात नाही ती वाटेची. पावसात भिजून मऊ झालेल्या मातीवर एका दिवसात शेकडो पावलं पडली की वाटेचा चिखल होतो. मग लोक चिखल टाळून कडेने चालतात आणि वाट दुप्पट रुंद होते, मग तिप्पट. पायांखाली माती दबते आणि दबलेली माती पाणी मुरू देत नाही. उतारावरच्या अशा वाटेत पाणी शिरलं की वाटच नाला होते. जे पाणी पानांच्या थरात थांबून आत जायला हवं ते तुमच्या वाटेने पळत नदीत येतं, सोबत माती घेऊन. भोरगिरीच्या वरच्या टप्प्यांत मुळं उघडी पडलेल्या जागा आठवा. तिथे पूर्वी माती होती. म्हणजे जो झरा बघायला, ज्या नदीकाठी बसायला आपण जातो, तिचं माघ-फाल्गुनातलं पाणी आपणच आषाढ-श्रावणात पायांनी कमी करतो आहोत. थंडीत हीच माती सुकून घट्ट झालेली असते. तेव्हा वीस माणसं गेली तरी तिला फारसं काही होत नाही.

गावाचंही बघा. भोरगिरी आणि आसपासच्या वाड्यांत महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. जून-जुलैत तिथे भाताची लावणी असते. घरातलं प्रत्येक माणूस चिखलात उभं असतं आणि नेमके तेव्हाच आपण साठ जणांचा नाश्ता सांगतो. लावणी सोडून पोहे करायला थांबावं लागतं, कारण पैसे लागतातच. दिवाळीनंतर भात कापून, झोडून घरात आलेलं असतं. तेव्हा हातांना काम हवं असतं, नवा तांदूळ असतो, गावाकडे पाहुण्यांशी बोलायला वेळ असतो. चैत्र-वैशाखात बाळहिरडा गोळा करण्याचा हंगाम येईपर्यंतचे हे महिने कमाईच्या दृष्टीने रिकामे जातात. ट्रेक या महिन्यांत आला तर वाटाड्या म्हणून गावातली माणसं बरोबर येऊ शकतात, आणि ती आलीच पाहिजेत असं माझं मत आहे. झाडांची नावं, कुठला झरा कुठल्या महिन्यापर्यंत चालतो, कुठल्या डोहाच्या तळाशी धोंडा आहे, हे पुण्याहून गेलेला कुठलाही ट्रेक लीडर सांगू शकणार नाही. हंगाम हलवताना त्यांच्या पावसाळी कमाईचा मोबदला बुडू नये, हेही तुम्हीच बघायचं आहे. माणशी शुल्कात गावाचा वाटा आधी ठरवा आणि पोस्टरवर लिहा.

तुम्ही म्हणाल, लोक पावसासाठी येतात. थंडीत त्या वाटेवर आहे काय?

कार्तिकात या आणि बघा. ओहोळ अजून खळखळत असतात, लहान धबधबे असतात, पण पाणी नितळ झालेलं असतं आणि तळाचा प्रत्येक गोटा दिसतो. पावसाळ्यात ज्या नदीचा फक्त आवाज आणि फेस कळतो तिचं अंग आता दिसतं. कातळाची घडण कळते, पाणी कुठून कुठे वळतं ते कळतं. गुडघाभर पाण्यात काठीने अंदाज घेत चालता येतं. दगड अलगद उलटून पाहिला तर खाली चतुराच्या अळ्या, लहान खेकडे सापडतात. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवायचा, कारण ते त्यांचं घर आहे. अशा अळ्या-किडे भरपूर असणं ही पाणी स्वच्छ असल्याची खूण आहे. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्या मुलांनी हे एकदा तरी आपल्या हाताने पाहायला हवं.

थंडीच्या पहाटे झऱ्याच्या तोंडाशी हात धरा. पाणी कोमट लागतं. जमिनीच्या पोटातल्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, ते त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं. म्हणून डिसेंबरच्या सकाळी ते हवेपेक्षा उबदार असतं आणि एप्रिलच्या दुपारी गार. जिवंत झरा आणि नुसतं साचलेलं पाणी यांतला फरक ओळखायची ही सोपी युक्ती आहे. शाळेतल्या मुलांना मी हे फळ्यावर शिकवत असे, आणि दर वेळी वाटत असे की यांना तिथे न्यायला हवं होतं.

रानही तेव्हाच दिसतं. हे अभयारण्य १९८५ मध्ये झालं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं, आणि ते ओळखलं जातं शेकरूसाठी. शेकरू आपल्या राज्याचा प्राणी आहे. धो धो पावसात धुक्याने भरलेल्या रानात साठ जणांच्या गोंगाटात तो दिसणं दुरापास्त. डिसेंबरात सकाळच्या उन्हात तो हिरड्या-जांभळांच्या शेंड्यांवर उन्ह खायला येतो, त्याची खडखडीत हाक दुरून ऐकू येते, डहाळ्या-पानांची गोल घरटी ओळखता येतात. एकाच शेकराची एकाहून जास्त घरटी असतात, त्यामुळे घरटं दिसलं म्हणून खाली ताटकळत बसू नका. डोहावर खंड्या असतो. पाण्यावर निवळ्या पळत असतात. माघ सरताना अंजनी फुलायला लागते आणि बारक्या फांद्यांना निळी-जांभळी फुलं चिकटलेली दिसतात. पावसाळ्यात रात्री कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी हे भीमाशंकरचं मोठं आकर्षण आहे, ते थंडीत मिळणार नाही, हे खरं. पण ती पाहायला नेलेल्या मोठ्या गटांनी, टॉर्चच्या झोताने आणि बुटांखाली त्या जागांचं काय होतं तेही तुम्हाला माहीत आहे.

थंडीतल्या नदीचा आणखी एक गुण आहे. ती सगळ्यांसाठी आहे. जुलैतला ट्रेक तरुणांचा असतो. नोव्हेंबरात तिथे दहा वर्षांची मुलं येऊ शकतात, सत्तरीतले लोक सावकाश चढू शकतात, पोहता न येणाऱ्या बायका पाण्यात पाय सोडून तास-तास बसू शकतात. पुण्यात नदी म्हणजे पुलावरून नाक दाबून ओलांडायची गोष्ट झाली आहे. पाण्याला हात लावता येईल अशी नदी शहरातल्या माणसाला कुठे उरली आहे? ती तासा-दोन तासांच्या प्रवासावर नाही, अडीच-तीन तासांवर आहे. चास, वाडा करत भोरगिरीला पोचेपर्यंत पाठीचा काटा ढिला होतो. तरी मी म्हणेन, आईवडिलांना घेऊन जा.

काही गोष्टींत मात्र तडजोड नको. एका गटात वीसपेक्षा जास्त माणसं नकोत आणि एका दिवशी एकाच वाटेवर तीन-चार क्लब नकोत. आपसात वार वाटून घ्या, हे तुम्हाला सहज जमेल. साबण, शाम्पू पाण्यात नको, नदीपासून दूर जाऊनही नको. डोहात उडी नको. थंडीतही नको, कारण पाण्याखाली खडक असतो. स्पीकर नको. दगड रचून पाणी अडवून पोहायला डोह करण्याची नवी खूळं दिसू लागली आहेत, ती ताबडतोब थांबवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यातल्या पाण्याचा प्रवाह परवानगीशिवाय वळवणं किंवा अडवणं निषिद्ध आहे, आणि त्याच कायद्यात आग पेटवण्यावर आणि प्राण्यांना अपाय होईल अशा रसायनांवर वेगळी कलमं आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, खाली हात-दीड हात पाण्यावर जगणाऱ्या बेडकांच्या पिल्लांसाठी तो एक दगडी बांध म्हणजे नदी संपल्यासारखंच आहे. मुक्काम करायचा तर गावात, लोकांच्या घरी करा. आणि राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे ज्यांची नोंदणी झालेली नाही त्यांनी ती आधी करून घ्यावी. तुमच्यातल्या जुन्या आणि काटेकोर संस्थांना हे सांगायची गरज नाही. गेल्या काही वर्षांत फक्त मोबाइलवरून उभ्या राहिलेल्या मंडळींना आहे.

यापलीकडे एक काम मी तुमच्यावर सोपवू पाहते आहे, आणि या पत्रातली मला सगळ्यांत प्रिय असलेली गोष्ट तीच आहे. प्रत्येक क्लबने या वाटेवरचा एक झरा घ्यावा आणि तो महिन्यातून एकदा मोजावा. त्याला यंत्र लागत नाही. दहा लिटरची बादली आणि सेकंद दाखवणारं घड्याळ पुरतं. झऱ्याच्या धारेखाली बादली धरायची आणि भरायला लागलेले सेकंद लिहायचे. समजा ४० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने हे जवळजवळ ३९० माणसांचं दिवसाचं पाणी झालं. एवढासा, अंगठ्याएवढा झरा! असा आकडा गावाच्या हाती आला की तो झरा ग्रामसभेत बोलायला लागतो. वर कोणी रस्ता कापत असेल, कोणी उतार साफ करून बंगल्याचे प्लॉट पाडत असेल, तर ‘आमचं पाणी कमी होईल’ एवढं म्हणून कोणी ऐकत नाही. ‘नोव्हेंबरात ४० सेकंद लागायचे, आता ७० लागतात’ असं म्हटलं तर ऐकावं लागतं. पुण्यात भूजलाचा अभ्यास करणाऱ्या ‘अ‍ॅक्वाडॅम’सारख्या संस्था आहेत. मोजणी कशी करायची, नोंद कशी ठेवायची, झऱ्याचं पाणी डोंगराच्या कुठल्या भागातून येतं हे कसं ओळखायचं, हे त्यांच्याकडून शिकता येईल.

नोव्हेंबरात एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, त्याच लोकांना त्याच जागी नेता आलं तर फारच उत्तम. कार्तिकात जिथे धार होती तिथे माघात ओल असते. जिथे ओहोळ होता तिथे डोहांची माळ उरते. दोन भेटींत माणसाला जेवढं कळतं तेवढं पुस्तकातल्या आकृतीने मला वर्षभर शिकवता आलं नाही.

पावसात भिजण्याची हौस खरी आहे आणि ती पुरवणंही तुमचं काम आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात चालण्याजोग्या, पाण्याच्या पात्रांपासून दूर असलेल्या, रुंद आणि वाहत्या नाल्यांशिवायच्या वाटा पुष्कळ आहेत. त्या तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. श्रावणातल्या सोमवारी तर भीमाशंकरला जाणारा रस्ता दर्शनाच्या गर्दीनेच भरलेला असतो. त्यात ट्रेकच्या बसगाड्यांची भर कोणाच्याच सोयीची नाही, ना भाविकांच्या, ना तुमच्या.

पुढच्या हंगामाचं वेळापत्रक बहुतेक क्लब मे महिन्यात ठरवतात. त्याआधी सगळ्यांनी एकदा एकत्र बसावं, वार आणि गटांचे आकडे वाटून घ्यावेत आणि ते वनखात्याच्या भीमाशंकर अभयारण्याच्या कार्यालयाला आणि भोरगिरीच्या ग्रामपंचायतीला लेखी कळवावेत. बैठकीला भोरगिरीतली माणसं बोलवा, आणि त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च आपण करा. वाटेचा झऱ्यांसकट हाताने काढलेला एक नकाशा माझ्याकडे आहे. त्यात कुठला झरा माघापर्यंत टिकतो आणि कुठला पौषातच आटतो तेही लिहून ठेवलं आहे. ज्या क्लबला हवा असेल त्याला त्याची प्रत देईन आणि बादली घेऊन पहिल्या मोजणीला बरोबरही येईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका, पुणे